थर्झाचा मुलगा

त्या दिवशी आम्ही कोळसा भरून कागदाच्या गिरणीकडे निघालो होतो. नेहमीचीच खेप. कालव्यावर पहाटे बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि बोटीच्या नाकाखाली तो करकर फुटत होता. गिरणीच्या मुकादमाने निरोप धाडला होता, कालवा गोठायच्या आत कोळसा पोचवा, नाहीतर तोंड दाखवू नका. मोठा प्रेमळ माणूस.

तू जरा इकडे सरक, दाराच्या फटीतून वारा लागतो. कंदील राहू दे तिथेच. तुम्हा जमिनीवरच्या माणसांना वाटतं, बोटीवर राहणं म्हणजे नुसती मजा. पाणी, झाडं, बदकं. अरे, उभं राहिलं तर डोकं आपटतं आणि झोपलं तर पाय आपटतात, एवढं आमचं घर. बोटीच्या शेपटाला एक खोली, तिच्यात शेगडी, एक बाक, भिंतीवर आईने घासून घासून झिजवलेली पितळेची भांडी, आणि तीन माणसं. मी अबनर, माझी बायको केझाया आणि माझी आई थर्झा. बाकी सगळी बोट कोळशाची. केझायाला पाचवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती, त्यामुळे या वेळी आम्ही त्याबद्दल मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतो. पण मी मनातल्या मनात त्याला सुकाणू धरायला शिकवून ठेवलं होतं.

नेदरविकचा बोगदा भर दुपारी लागला. एरवी बोट ओढतो घोडा, काठावरून चालत. बोगद्यात काठच नाही, दोन्हीकडे भिंत आणि मध्ये पाणी. म्हणून घोडा सोडून द्यायचा. आमचा घोडा कॅप्टन शहाणा, एकटाच टेकडी चढून पलीकडच्या तोंडाशी जाऊन आमची वाट बघत उभा राहायचा. बोट मात्र माणसांनी ढकलायची, तीही पायांनी. बोटीच्या नाकाजवळ आडवी फळी टाकायची, दोघांनी तिच्यावर उताणं पडायचं, डोक्याला डोकं लावून, आणि आपापल्या बाजूच्या भिंतीवर पावलं टाकत चालत राहायचं. आम्ही त्याला भिंत चालणं म्हणतो.

"तू आत पड," मी केझायाला म्हणालो. "तोंडाशी कुणी भाड्याचा भिंतवाला बसला असेल, त्याला घेतो."

"या थंडीत? तो बसलाय दारूच्या गुत्त्यात. सरक तिकडे. पोटातलं पोर तुझ्यापेक्षा जास्त जोर लावतंय."

आई मागे सुकाणूपाशी उभी होती. तिथून ओरडली, "नाव ध्यानात आहे ना, मेल्या?"

हे नाव म्हणजे आमच्या लोकांची जुनी रीत. नेदरविक खणताना पुष्कळ माणसं आत राहिली. वर आली नाहीत, पुरलीही गेली नाहीत. म्हणून बोगद्यात कुणी पाण्यात पडलं, तर नुसता हात दिसला म्हणून ओढून घ्यायचं नाही. आधी विचारायचं, आईचं नाव काय? मेलेल्याला स्वतःचं नाव आठवतं, घरचं आठवतं, पण आईचं नाव जातं म्हणे. सांगितलं तर हात द्यायचा. नाही सांगितलं तर बोटं सोडवायची. ही रीत ज्याने घातली तो उन्हाळ्यात पडला असणार.

मला या असल्या गोष्टींचं हसू यायचं. बोट बोगद्यात शिरली, कंदिलाचा उजेड ओल्या विटांवर पडला, तसा मी उताणा पडल्या पडल्या घसा खरवडून ओरडलो, "माझ्या आईचं नाव थर्झा! ऐकलंत का रे सगळ्यांनी? थर्झा!"

थर्झा, थर्झा, झा, करत ते आत आत गेलं. बराच वेळ जात राहिलं.

"मूर्खा!" मागून आई ओरडली. ती हसली नाही. केझाया हसली, पण तीही जरा उशिरा.

आम्ही चालू लागलो. धप, धप, धप. बोगद्यात पाच-पंचवीस पावलं गेलं की मागचा उजेड ताटलीएवढा होतो, मग पेल्याएवढा. वास कुबट, ओल्या विटांचा, जुन्या काजळीचा, आणि त्याच्या खाली कसला तरी गोडसर. छतातून थेंब पडायचे ते थेट तोंडावर. असाच एक मोठा थेंब कंदिलावर पडला, काच तडकली आणि उजेड गेला. आता काळोखात फक्त मागे, आईच्या पायांशी, शेगडीची लालसर धग दिसत होती.

"पेटवू का?" केझाया म्हणाली.

"राहू दे. भिंत कुठे पळून जात नाही."

पुन्हा धप, धप. तिची पावलं, माझी पावलं. मला ती मोजायची सवय नाही, पण कानाला ताल कळतो. आणि त्या तालात मध्येच एक पाऊल जास्तीचं पडत होतं. तिचं नव्हे, माझं नव्हे. माझ्याच बाजूच्या भिंतीवर, जरा पुढे.

केझायाचं डोकं माझ्या डोक्याला लागून होतं. ती एकदम ताठ झाल्याचं मला कळलं.

"अबनर... पाय कुणाचे वाजतायत?"

"आपलेच. आवाज फिरून येतो."

"पण मी थांबलेय..." ती म्हणाली. "तू पण थांबलायस..."

धप. धप. धप.

घाई केली मी. माझ्या बायकोला आणि तिच्या पोटातल्याला त्या काळोखातून बाहेर काढायचं, एवढंच डोक्यात होतं. पाय जोरात रेटला, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्याला तिथे भिंतच नव्हती. विटा ढासळून झालेलं भगदाड असेल. असेलच. माझा पाय त्यात मांडीपर्यंत गेला, बोट पुढे सरकली आणि मी फळीवरून खाली, पाण्यात.

गार पाण्यात पडलेला माणूस आधी बुडत नाही, हे तुला ठाऊक आहे का? आधी त्याचा श्वास जातो. छातीवर कुणीतरी गुडघा रोवावा तसं होतं. मी वर आलो, तोंड उघडलं, आणि आत घेतलेला श्वास बाहेर येईना आणि बाहेरचा आत जाईना. जबडा आपोआप उडत होता. माझ्या अंगाला घासून बोट पुढे चालली होती. मी चाचपत बोटीचा काठ धरला, दोन्ही हातांनी. बोट आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम माझ्याएवढी जागा.

"अबनर!" केझायाची किंकाळी. मग मालावरच्या फळ्यांवरून तिची पावलं धावत मागे आली. आईने आत वाकून शेगडीचं दार उघडलं असावं, कारण थोडा लाल उजेड पडला. त्या उजेडात मला माझी बोटं दिसली आणि त्यांच्यावर वाकलेला आईचा चेहरा.

"कोण आहे?" आईने विचारलं. आवाज कापत होता, पण रीत म्हणजे रीत. "आईचं नाव सांग."

मी सांगत होतो. देवाशपथ, सगळा जीव एकवटून सांगत होतो. तोंडातून फक्त ह... ह... ह... एवढंच.

आणि बोटीच्या पलीकडच्या बाजूने, पाण्यातून, अगदी शांतपणे माझा आवाज आला. "थर्झा. आई, मी इकडे आहे. हात दे."

असा आवाज, की सकाळी चहा मागावा. धाप नाही, थरथर नाही. अरे, अशा पाण्यातला माणूस असा बोलेल का? हे आईला कळायला हवं होतं. पण आईला स्वतःचं नाव पोटच्या पोराच्या तोंडून ऐकू आलं होतं. तिचा चेहरा माझ्यावरून गेला. पलीकडे तिची धडपड ऐकू आली, "आले रे बाळा, आले..." मी बारा वर्षांचा झाल्यावर आईने मला बाळा म्हटलं नव्हतं.

"केझाया, ये इकडे! जड झालाय हा, मला एकटीला ओढवत नाही!"

"आई, इकडे पण कुणीतरी आहे..."

"विचारलंस का?"

केझाया माझ्या बाजूला गुडघ्यांवर बसली. तिचे केस माझ्या हातांवर पडले. ती अगदी हळू म्हणाली, आईला ऐकू जाऊ नये इतकं हळू, "सांग ना... नाव सांग... नुसता थ म्हण, मी ओढते..."

मी थ म्हणू शकलो नाही. जबडा माझा नव्हताच. ती थांबली, बाबा. पलीकडे आई हाका मारत होती तरी ती थांबली. मग ती रडायला लागली आणि रडत रडत तिने माझी बोटं काठावरून सोडवली. करंगळीपासून सुरुवात केली. मी तिला दोष देत नाही. मी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि इतका वेळ थांबलोही नसतो.

बोट पुढे गेली. तो लाल उजेड लहान होत होत गेला.

आमच्यात एक चेष्टा आहे, कालव्यात पडलास तर घाबरू नकोस, नुसता उभा राहा. कालवा छातीभर खोल. बोटीचा काठ सुटला तेव्हा माझे पाय तळाला लागले आणि मी उभा राहिलो. एवढंच करायचं होतं. त्या काळोखात, छातीएवढ्या पाण्यात, भिंतीला हात लावत मी चालत राहिलो. किती वेळ, कसा, ते विचारू नकोस. असल्या पाण्यात माणूस इतका वेळ टिकत नाही, असं मला पुढे एका डॉक्टरने सांगितलं. मी त्याला म्हटलं, बरं. शेवटी शेवटी तर थंडी वाजायचीही थांबली होती आणि चालणं सोपं झालं होतं.

बाहेर आलो तेव्हा दिवस कलला होता. बोट तोंडाशीच उभी होती. आई काठावर उतरून कॅप्टनच्या गळ्यात दोर अडकवत होती. खोलीच्या धुराड्यातून धूर निघत होता. तो धूर बघून मला रडू फुटलं. वाटलं, पोचलो.

आणि आता माझा जबडा सुटला. "आई!" मी ओरडलो. "थर्झा! माझ्या आईचं नाव थर्झा!"

आईने वळून बघितलं. मग तिने बोटीवरची आकड्याची लांब काठी ओढून घेतली आणि तिचं टोक माझ्या छातीवर रोखलं.

"आता सांगतोस?" ती म्हणाली. "ऐकून शिकलास, होय रे?"

"आई, मी आहे. अबनर. तुझ्या डाव्या गुडघ्यात कळ येते. बाबा गेला तेव्हा तू त्याची टोपी चुलीत घातलीस. आणखी काय सांगू?"

"तोही सगळं सांगतो. त्याने आधी सांगितलं." काठी खाली आली नाही. "जा परत. माझं लेकरू घरात आहे."

मी कॅप्टनकडे गेलो. शिंगरू होता तेव्हापासून मी त्याला हाताने ओट भरवलेले. वाटलं, मुकं जनावर तरी ओळखेल. त्याने माझ्या हाताचा वास घेतला, कान मागे टाकले आणि दोर ताणून मागे मागे सरत गेला. त्याचं अंगभर कातडं थरथरत होतं. 

खोलीचं दार सरकलं आणि केझाया वर आली. तिच्या मागून तो आला. माझा कोरडा सदरा घातलेला, केस नीट पुसलेले. मी आरशात कधी फारसं बघत नसे, त्यामुळे मला आधी वाटलं, बरा दिसतो की माणूस. त्याने माझ्याकडे बघितलं. राग नाही, भीती नाही. मी घाबरलो तो त्याच्या चेहऱ्यावरच्या दयेला.

"याला थंडी वाजत असेल," तो माझ्या आवाजात म्हणाला. आत वाकला, माझा जाड कोट काढला आणि काठावर माझ्या पायाशी टाकला. "घाल रे बाबा."

मी तो घातला. दुसरं काय करणार? स्वतःचाच कोट मला भीक म्हणून मिळाला. केझाया त्या कोटाकडे बघत होती, बाही माझ्या मनगटाला कशी बरोबर बसली ते बघत होती.

"आई..." ती म्हणाली, "याचे डोळे बघा..."

"बघू नकोस त्याच्याकडे. पोटुशी आहेस तू." आईने तिला खांद्याला धरून वळवलं.

तो सुकाणूपाशी गेला. कॅप्टन त्याच्यापासूनही दूर उभा होता, पण आईने लगाम ओढला तसा निघाला. दोर ताणला गेला. माझी बोट माझ्यासमोरून गेली, कोळसा गिरणीला वेळेवर पोचला असणार.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. ही जी खालची पाण्याची दारं आहेत, बोटी चढवायची-उतरवायची, इथल्या म्हाताऱ्या दारवानाला मदतीला माणूस हवा होता. तो जमिनीवरचा, त्याला आमच्या रीतीभाती ठाऊक नव्हत्या. त्याने ठेवून घेतलं. तो गेल्यावर ही झोपडी माझ्याकडे आली. बोटीवरची माणसं दारं उघडताना माझ्याशी बोलतात, तंबाखू देतात, हवेबद्दल कुरकुर करतात. पण ती पुडी भिंतीवर ठेवतात, हातात देत नाहीत. मला नेदरविकवाला म्हणतात. मी सुरुवातीला भांडायचो, शपथा घ्यायचो. मग सोडून दिलं. पंचक्रोशीत जो तो थर्झाच्या मुलाला, म्हणजे त्याला, ओळखतो, चांगला कष्टाळू आहे म्हणतात, दारू सोडलीय म्हणतात. मी तर कधी सोडली नसती.

आमची बोट यायची, तेव्हा मी आत बसून राहायचो आणि फटीतून बघायचो. केझाया कधी इकडे मान वळवायची नाही. एका उन्हाळ्यात तिच्या कडेवर मूल दिसलं. जगलं होतं. मी इथे, याच बाकावर, लहान मुलासारखा हुंदके देऊन रडलो. ते जगलंय, एवढ्यावर माणूस पुष्कळ दिवस काढू शकतो. आणि दुसरंही एक होतं. मला वाटायचं, बायकोला कळतंच. पाण्यातून काढलेल्याच्या शेजारी झोपणारी बाई एक ना एक दिवस ओळखेल. मग ती या दाराशी येईल. मी रोज दाढी करायचो त्यासाठी.

या हिवाळ्यात, परवाच, बोट आली. एक मुलगी पुढे धावत आली, सात-आठ वर्षांची, दारं उघडायला. केझायाची हनुवटी आणि माझ्या बापाचे बाहेर आलेले कान. बिचारीला तेच मिळायचे होते. दाराच्या आडव्या तुळईवर दवाचा बर्फ झाला होता, ती भराभर त्याच्यावरून चालली आणि मधोमध तिचा पाय सरकला. खाली काळं पाणी. मी कधी धावलो, मला कळलं नाही. तिचा हात पकडला आणि तिला काठावर ओढून घेतलं.

ऊन हात होता. भट्टीतून काढलेल्या पावासारखा. मला तो सोडवेना. माझंच मूल होतं ते, जिवंत माणसाचं मूल, मला त्या हातावरून शंभर टक्के कळलं. इतक्या वर्षांत मला असा आनंद झाला नव्हता.

तीही हात सोडवून घेत नव्हती. उलट तिने दुसरा हात माझ्या हातावर ठेवला आणि डोळे मिटून, काहीतरी नीट लक्षात ठेवायचं असल्यासारखी उभी राहिली.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"आईने सांगितलंय," ती हळूच म्हणाली. "दारावरच्या माणसाचा हात धरून ये म्हणाली. आजीला कळू न देता. आणि मला येऊन सांग म्हणाली, गरम आहे का."

"मग?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "काय सांगशील?"

तिने डोळे उघडले. मुलगी खोटं बोलणारी नव्हती. माझ्याकडे बघून तिला वाईट वाटलं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"बाबासारखाच गार आहे," ती म्हणाली. "अगदी बाबासारखा."

आणि ती पळत गेली. बोट दारांच्या मध्ये येऊन थांबली होती. केझाया खोलीच्या दारात उभी होती, पोर तिच्या कानाला लागलं. केझायाने ऐकून घेतलं. मग तिने मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग सुकाणूपाशी उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघितलं, तितकाच वेळ. तिचा चेहरा म्हातारा झाला होता. ती पोरीला जवळ घेऊन खाली गेली आणि आतून दार ओढून घेतलं.

तो माझ्याकडे बघत होता. त्याने टोपीला हात लावला, जसा घरातला माणूस घरातल्या माणसाला लावतो.

मी पाणी सोडलं, दारं उघडली, बोट गेली. आत येऊन याच शेगडीच्या झाकणावर तळहात ठेवला आणि तसाच धरून ठेवला. कातडी करपल्याचा वास झोपडीभर झाला. ऊब मात्र काही लागली नाही.